थकव्याचं वेळापत्रक

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आत्याकडे सकाळी गेलं की दृश्य ठरलेलं असायचं. गॅसवर चहाचं आधण, आत्या स्टुलावर, डाव्या हातात कपबशी आणि उजव्या तळहातावर थायरॉइडची बारकी पांढरी गोळी. चहाचा एक घोट, गोळी, पुन्हा घोट. लगेच मागून कॅल्शियमची जाडजूड गोळी. "एकदमच घेऊन टाकते, मंग विसरते ना मी." कप विसळता विसळता पुढचं सुरू व्हायचं. "उठली तेव्हापासून थकूनच राहिली मी. अजून काही केलं नाही, तरी थकली. हे हार्मोनचंच आहे बाप्पा."

आत्याचं निदान अगदी बरोबर होतं. औषधही बरोबर होतं, तिच्या हातातच होतं. मग घोडं कुठे अडलं होतं, ते जरा पुढे सांगते. आधी हे हार्मोन प्रकरण समजून घेऊ.

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. गेल्या काही वर्षांत हार्मोन हा शब्द आमच्या स्टाफरूमपासून गोकुळपेठच्या भाजीबाजारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. केस गळले, वजन वाढलं, चिडचिड झाली, गळून गेल्यासारखं वाटलं, की हार्मोन बिघडले. आणि पाठोपाठ 'हार्मोन बॅलन्स' करणारी पावडर, काढा, बिया, नाहीतर पन्नास तपासण्यांचं पॅकेज. माझं भांडण त्या बॅलन्स शब्दाशी आहे.

हार्मोन हा शब्द १९०५ साली अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने वापरात आणला. ग्रीक मुळाचा अर्थ चेतवणारा, चालना देणारा. आपल्या पाठ्यपुस्तकातलं संप्रेरक तेच सांगतं, म्हणजे प्रेरणा देणारं. एखादी ग्रंथी रक्तात एक रसायन सोडते, ते अंगभर फिरतं आणि दूरच्या अवयवाला काम सांगतं. आकाशवाणीसारखं समजा. लहरी सगळ्या नागपूरभर पसरलेल्या असतात, पण ऐकू येतं ते ज्याच्या घरी रेडिओ आहे आणि त्या केंद्रावर लावलेला आहे त्यालाच. पेशींवर असे रेडिओ बसवलेले असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. आणि आकाशवाणीवर दिवसभर एकच गाणं लागत नाही. सकाळचे कार्यक्रम वेगळे, रात्रीचे वेगळे. हार्मोनचंही तसंच आहे.

कॉर्टिसॉल घ्या. ताणाचं हार्मोन म्हणून बिचाऱ्याची फार बदनामी झाली आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. पहाटे ते वाढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळी अंथरुणातून उठून उभं राहायची ताकद देण्यात त्याचा मोठा हात असतो. आता याचा कुणी खरोखरच बॅलन्स केला, सकाळी जेवढं तेवढंच रात्री, तर काय होईल? तो आजार ठरेल. कुशिंग नावाच्या विकाराचा संशय आला की डॉक्टर रात्री उशिराची लाळ तपासायला सांगतात ते यासाठीच. रात्री कॉर्टिसॉल उतरायला हवं होतं, ते उतरलं नाही, हीच तिथली खूण.

त्यामुळे 'हार्मोन संतुलित कसे ठेवू?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या शरीराला सध्या किती वाजलेत ते कळतंय का?

हा थट्टेचा प्रश्न नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. ते आपलं मुख्य घड्याळ. पेशी आतल्या आत वेळ कशी मोजतात हे फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी की बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त चालतं, म्हणजे रोज काही मिनिटं मागे पडतं. जुनं चावीचं घड्याळ रोज सकाळी बातम्यांच्या वेळी लावून घ्यायचे ना, तसं हेही रोज लावावं लागतं. लावायची चावी म्हणजे डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड.

घरातला उजेड आपल्याला लख्ख वाटतो, पण संध्याकाळी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात जेमतेम शंभर-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार असतात. आपला डोळा एवढा समजूतदार की दोन्हीकडे जमवून घेतो, म्हणून फरक जाणवत नाही. घड्याळाला तो नक्की जाणवतो. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाकाठी पहाटे फेऱ्या मारणारी मंडळी पायांसाठी जातात, पण त्यांच्या नकळत घड्याळही लावून येतात. तेवढं चालणं जमत नसेल तर अंगणात, गॅलरीत पंधरा-वीस मिनिटं, मोबाइल आत ठेवून. सूर्याकडे टक लावून मात्र बघायचं नाही.

इथेच एक गैरसमज काढून टाकते. सकाळच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. सूर्य खाली असताना त्याची किरणं हवेच्या जाड थरातून तिरपी येतात आणि ड जीवनसत्त्व बनवणारी अतिनील किरणं वाटेतच गाळली जातात. त्वचेत ते तयार होतं जेव्हा आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्याचं रूप बदलतं आणि ते चक्क हार्मोनसारखं काम करतं. म्हणजे हिवाळ्यात बाराच्या सुमारास गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या बायकांना, सोलेभाताच्या निमित्ताने का होईना, ते बरं मिळत असावं. नवतपात हा प्रयोग करू नका. त्या दिवसांत आधी उन्हापासून जीव वाचवायचा, जीवनसत्त्वाचं नंतर पाहू.

आता नाश्ता. नागपुरात राहून तर्री पोह्यांबद्दल वाकडं बोलायची माझी छाती नाही, आणि गरजही नाही. पोहे म्हणजे झटकन साखर होणारा पिठूळ पदार्थ, हे खरं. पण वरच्या तर्रीतले हरभरे प्रथिनं आणि चोथा घेऊन येतात, त्याने साखर रक्तात उतरायचा वेग कमी होतो. लफडं होतं ते हरभरे चार आणि तेल भरपूर, सोबत दुसरी प्लेट आणि वर दोन चमचे साखरेचा चहा, असं झालं की. रक्तात साखर भसकन चढते, स्वादुपिंड इन्शुलिन ओततं आणि अकरा वाजता खुर्चीत डोळे मिटायला लागतात. हे कधीतरी झालं तर काही बिघडत नाही. रोज, वर्षानुवर्षं, बसून बसून झालं की पेशींचे रेडिओ बहिरे होऊ लागतात. मग तेच ऐकवायला इन्शुलिनला आवाज वाढवावा लागतो. यालाच इन्शुलिन प्रतिरोध म्हणतात. पोटाचा घेर, मानेवरचा काळपट मखमली पट्टा, जेवल्यावरची सुस्ती, बायकांमध्ये पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोनचा विकार) आणि पुढे मधुमेह या सगळ्यांशी त्याचं नातं आहे.

यावर जी युक्ती सगळ्यात स्वस्त आहे ती आपल्या भाषेत कधीची नांदते आहे: शतपावली. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनचा हुकूम लागत नाही. मागच्या दाराने नेल्यासारखी साखर निघून जाते. फक्त पूर्वजांनी आकडा जरा कमी सांगितला. शंभर पावलं मिनिटभरात संपतात, निदान हजार टाका, म्हणजे दहाएक मिनिटं. रात्रीच्या जेवणानंतर तर नक्कीच. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिचा ताकदीचा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. जिम नको असेल तर हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा. स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं गोदाम आहे, ते रिकामं होत राहिलं पाहिजे. आणि संत्र्याचा रस काढण्याऐवजी संत्रं सोलून खा. नागपुरात हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

संध्याकाळच्या चहावर मी बोलले की घरात वाद होतो, तरी बोलतेच. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, हे झोपेचं बिल. चहा-कॉफीतलं कॅफिन ते बिल फेडत नाही, फक्त डोळ्यांआड करतं. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. सहाचा चहा अकरा वाजता अर्धा शिल्लक. 'मला चहाने काही होत नाही, पडल्या पडल्या झोप लागते' असं म्हणणाऱ्यांची झोप लागते, पण ती बरेचदा उथळ असते.

झोपेआधी दोनेक तास मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. ते 'रात्र झाली' एवढीच दवंडी पिटतं. डोळ्यांपुढे पांढरा झगझगीत प्रकाश असला की दवंडी उशिरा निघते. शिवाय झोप लागायला शरीराचं आतलं तापमान अंशभर उतरावं लागतं, आणि इथे आपलं गाव आडवं येतं. मे महिन्यात रात्री तीस अंशांच्या खाली यायलाच तयार नसलेल्या खोलीत ते कुठून उतरणार? आमच्या लहानपणी संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायचे. आता कूलर आहेत, पण कितीतरी घरांत कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करतात. कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. ती दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर घाम सुकत नाही आणि माणूस चिकचिकत कुशी बदलत राहतो. कूलरसमोरची एक खिडकी वीतभर उघडी ठेवा. माझ्या मते उन्हाळ्यातल्या निम्म्या नागपूरच्या 'हार्मोनच्या थकव्यावर' हा पहिला उपाय आहे.

कारण झोप कापली की वेळापत्रकच कोलमडतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, म्हणून जागरणाच्या दुसऱ्या दिवशी समोसाच खावासा वाटतो. तरुण, निरोगी पुरुषांवरच्या एका प्रयोगात आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तेवढ्यात दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घटलं. बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांना मी 'लवकर झोपा' असं सांगणार नाही, ते त्यांच्या हातात नाही. पण रात्रपाळीहून परतताना काळा चष्मा, खोलीत जाड पडदा आणि जमेल तितके दिवस एकच पाळी, एवढ्याने फरक पडतो.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट फार निसटते. पंचेचाळिशीच्या आसपास इस्ट्रोजेन वर-खाली व्हायला लागतं, मध्यरात्री घामाने डबडबून जाग येते, पुढची झोप गेली ती गेली. माझ्या एका मैत्रिणीने सगळा मे महिना याचा दोष उन्हाला दिला. नोव्हेंबरात पांघरुणात तसाच घाम आला तेव्हा ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली. यावर उपचार आहेत. दात-ओठ खाऊन सोसायचं कारण नाही.

'ॲड्रिनल फटीग', म्हणजे ताणाने अधिवृक्क ग्रंथी थकल्या, असं निदान तुम्हाला कुणी दिलं तर तिथून उठा. असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. ग्रंथी खरोखर बंद पडतात तो ॲडिसनचा आजार, आणि त्यात माणूस पावडर घेत नाही, इस्पितळात जातो.

तपासण्यांचं म्हणाल तर पन्नासांची यादी नको. सततच्या थकव्याला डॉक्टर सहसा हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन), बी-१२ अशा मोजक्या गोष्टींपासून सुरुवात करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांचा थकवा हार्मोनच्या नावावर खपवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, पोह्यांवर पिळलेलं लिंबू मात्र मदत करतं, म्हणजे आपण एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. घोरणारा, रात्री श्वास अडकणारा माणूस दिवसा पेंगतो, त्याचंही कारण वेगळं. मन उदास असेल तरी शरीर असंच जड होतं. वजन आपोआप उतरत असेल, रात्री ताप येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

आणि रिपोर्टवर आंधळा विश्वास नको. माझ्या वहिनीचा रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइड धावत सुटल्यासारखा दिसत होता, टीएसएच तळाला, टी-४ हे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन वर. अंगावर लक्षण एकही नाही. डॉक्टरांनी विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेत होती, बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या. बायोटिन काही तपासण्यांच्या रसायनात लुडबुड करतं आणि आकडे खोटे येतात. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, सगळं जागच्या जागी. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं? आपण घाबरलो, आणि मग कळलं की सेन्सरच बिघडलेला.

आता आत्या. थायरॉइड ही शरीराची शेगडी, ज्योत किती मोठी ठेवायची ते तिचं हार्मोन ठरवतं. ज्योत बारीक झाली की थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, केस जाणं, अंगावर सूज. मेंदूखालची पियूष ग्रंथी मग टीएसएच वाढवून थायरॉइडला ओरडू लागते, म्हणून थायरॉइड मंद असताना टीएसएचचा आकडा चढतो. आत्याचा आकडा अकराच्या खाली यायचं नाव घेत नव्हता आणि गोळीची मात्रा दोनदा वाढवून झाली होती. ही गोळी नाजूक असते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. दूध, कॅल्शियम, लोह तिला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. आत्या रोज दुधाच्या चहात गोळी बुडवत होती आणि वर कॅल्शियमचा दगड ठेवत होती. त्यात कुणीतरी चांगलं असतं म्हणून घरात सैंधव मीठ सुरू केलेलं. सैंधवात साध्या मिठासारखं आयोडीन घातलेलं नसतं, आणि थायरॉइडचं हार्मोन तर आयोडिनाशिवाय बनतच नाही. तिची ग्रंथी आधीच मंद होती, त्यामुळे मिठाने तिचं काही बिघडलं नसेल, पण घरात एक सून गरोदर होती, म्हणून ते आधी बदललं.

गोळ्यांची स्टीलची डबी स्वयंपाकघरातून उचलून तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. साडेपाचला जाग येते तेव्हा अंथरुणातच गोळी. मग अंगणात झाडू, सडा, रांगोळी, तेवढ्यात उजाडतं आणि तासही भरतो. त्यानंतर चहा. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर गेलं. या गोळीचा परिणाम रक्तात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून दोन महिन्यांनी रक्त तपासलं. टीएसएच चारच्या खाली. डॉक्टरांनी मात्राच कमी केली.

मागच्या रविवारी गेले तेव्हा आत्या पापड लाटत होती. म्हटलं, थकवा कसा आहे?

"थकते ना, काऊन नाही थकणार? पण आता संध्याकाळी थकते." लाटणं थांबवून तिने पाय लांब केला. "ते जाऊ दे. तू एवढी शिकली आहेस, या गुडघ्याचं काय करू ते सांग."